संगणकालाही सेवापुस्तक हवे

सरकारी नोकरीत लागणाऱ्या माणसाच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याची जन्मतारीख लिहिली जाते आणि तेवढ्याने त्याच्या निवृत्तीचा दिवसही ठरून जातो. अठ्ठावन्नावे वर्ष ज्या महिन्यात पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरीस खुर्ची सोडावयाची, हे लिपिकास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे दोन वर्षे आधी हलू लागतात, सेवापुस्तक पडताळणीस जाते, येणे-देणे तपासले जाते आणि शेवटच्या दिवशी पदभाराची यादी करून दुसऱ्याची सही घेतली जाते. या व्यवस्थेत दिरंगाई किती होते हे निवृत्त शिक्षकांनाच विचारावे. परंतु व्यवस्था आहे. त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर असलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही व्यवस्था आढळत नाही. तो खरेदी होतो, जडसंग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांक पडतो आणि मग तो बंद पडेपर्यंत चालतो. त्याच्या आत जे सॉफ्टवेअर असते त्याचे आयुष्य किती, ते कोणत्या तारखेस संपते आणि संपल्यावर काय करावयाचे, यासाठी त्या नोंदवहीत रकानाच नसतो.

ही तारीख गुप्त नसते, हे यातले विशेष. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही कार्यप्रणाली जुलै २०१५ मध्ये बाजारात आणली, तेव्हाच तिचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपेल असे जाहीर केले होते. दहा वर्षे ती तारीख कोणालाही पाहता येत होती. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचेही त्याच दिवशी संपले. मराठवाड्यातला शेतकरी पाऊस मृगात येईल की आर्द्रात याचा अदमास घेऊन बियाण्याची तजवीज करतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामानाचा सल्ला निघतो, तोही अखेर अंदाजच असतो. येथे अंदाज बांधण्याचे कारणच नव्हते. तरीही जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम, सोनपेठ अशा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन एखाद्या शाळेत किंवा संस्थेच्या कार्यालयात विचारून पाहावे की, आपल्या संगणकाच्या कार्यप्रणालीची मुदत केव्हा संपते? ‘संगणक चालू आहे’ असेच उत्तर बहुधा मिळेल.

ते उत्तर खोटे नाही. पाठबळ संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे, आणि सारा घोटाळा येथेच होतो. आपल्या मनात अजून टंकलेखन यंत्राचा हिशेब आहे. गोदरेज कंपनीने टंकलेखन यंत्रे बनविणे थांबविल्याचे २०११ पर्यंत सर्वांना कळले होते. शासनानेही टंकलेखनाच्या परीक्षा यंत्रावरून संगणकावर नेल्या आणि तसे करताना जुन्या यंत्रांना मुदतवाढी दिल्या. परंतु ज्याच्या घरी यंत्र होते त्याचे काही अडले नाही. रिबन मिळत होती आणि टाईप वाकला तर बाजारातला कारागीर तो सरळ करून देत होता, कारण यंत्राचे सर्व अवयव डोळ्यांना दिसत होते. विंडोजसारख्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची मूळ संहिता कंपनीच्या ताब्यात असते; तिच्यातला दोष कंपनीनेच दुरुस्त करावयाचा, इतरांना तो अधिकारही नाही आणि ते सामर्थ्यही नाही. लक्षावधी ओळींच्या संहितेत दोष राहतातच. ते जसजसे उघडकीस येतात तसतशी कंपनी दरमहा दुरुस्ती पाठविते. पाठबळ संपले म्हणजे ही दुरुस्ती थांबते. दोष सापडण्याचे मात्र थांबत नाही. इतकेच नव्हे, तर नव्या आवृत्तीसाठी निघणारी दुरुस्ती तपासून जुन्या आवृत्तीत भोक कोठे असणार हे चोरांना ताडता येते, कारण दोहोंचा पुष्कळसा भाग एकच असतो. कालव्याच्या वरच्या अंगाचा भराव पक्का करावा आणि खाली तोच भराव कच्चा राहिला आहे याची दवंडी पिटावी, त्यातला हा प्रकार आहे.

असे भोक किती महागात पडते याचा अनुभव जगाने २०१७ मध्ये घेतला. विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यात दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची विषाणूची लाट आली ती नेमकी त्याच वाटेने. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एकतृतीयांश रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत झाले. हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही तिची झळ लागली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच दोषाचा आधार घेणाऱ्या दुसऱ्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा ठप्प केली आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कंटेनर अडकून पडले, ते युक्रेनमध्ये सुटलेल्या विषाणूमुळे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वॉनाक्रायने पछाडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ला तेव्हा पाठबळ होते. औषध उपलब्ध होते, घेतले गेले नव्हते. म्हणजे मुदत संपलेली कार्यप्रणाली हाच एक गुन्हेगार, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. पण या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: आपल्याकडे कोणते यंत्र आहे, त्यात काय आहे आणि त्याची निगा कोणाकडे आहे, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. ब्रिटिश सरकारची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले तेव्हा त्या सरकारने सुमारे पंचावन्न लाख पौंड मोजून वर्षभराची जादा मुदत विकत घेतली. दुसऱ्या वर्षी तो करार पुढे चालविला नाही. मुदत विकत घेतली, पण त्या मुदतीत काय करावयाचे हे पुरते ठरविले गेले नाही. कर्जाचे पुनर्गठन करून घ्यावे आणि पुढच्या हंगामाचा विचारच करू नये, ही चूक फक्त आपल्याच मुलखात होते असे नाही.

याउलट भारतीय रिझर्व्ह बँकेचे उदाहरण घ्यावे. देशातील पुष्कळ एटीएम यंत्रे मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीवर चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकेने टप्पे बांधून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव यंत्रे बदलावयाची, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सर्व. एक्सपीची मुदत संपून चार वर्षे उलटल्यावर हे परिपत्रक निघाले, ही उणीव मोठीच आहे. परंतु त्याचा साचा बरोबर होता. काम एकदम होत नाही हे त्यात मान्य केले होते, त्याचे हप्ते पाडले होते आणि प्रत्येक हप्त्याचा जाब विचारणारा कोणी तरी होता. शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था यांच्या संगणकांना असा जाब विचारणारा नाही.

परभणी जिल्ह्यातील शाळांचाच विचार करू. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान योजनेतून राज्यातील अनेक माध्यमिक शाळांना ठेकेदारामार्फत पाच वर्षांच्या कराराने संगणक कक्ष मिळाले. करार संपला की संगणक शाळेचे होत आणि ते सांभाळणारा शिक्षक जाई. यंत्र राहिले, निगा राखणारा गेला. पुढे त्या संगणकांपैकी जे चालू राहिले त्यांच्यावर शाळेचे सारे ओझे पडले: वेतनदेयके, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले. शेकडो मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, जात, पालकांची बँक खाती या एका यंत्रातून जातात. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि माहितीची वाजवी सुरक्षा न राखणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. सादिलवारीच्या तुटपुंज्या रकमेत खडू आणि विजेचे बिल भागविणाऱ्या मुख्याध्यापकाने हा आकडा वाचून हसावे की रडावे, हे त्यानेच ठरवावे.

बरे, नवी कार्यप्रणाली घालावी म्हटले तर विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक धडधाकट असूनही अपात्र ठरतात. ही सक्ती ग्राहकाच्या हिताची किती आणि विक्रीच्या हिताची किती, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. चांगली यंत्रे भंगारात काढावयास लावणारा हा नियम गरीब देशांचा विचार करून केलेला दिसत नाही.

तथापि एक दार उघडे आहे आणि ते फारसे कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही. विंडोज १० साठी जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय कंपनीने पैसे घेऊन ठेवली आहे. व्यापारी संस्थांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांहून अधिक, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात आणि त्या रकमेत नवा संगणक दारात उभा राहतो. शैक्षणिक संस्थांना मात्र हाच दर पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा आहे. सात डॉलरांत ऑक्टोबर २०२८ पर्यंतची सवड मिळते. पण ही सवलत आपोआप चालून येत नाही. संस्थात्मक परवान्याच्या मार्गाने ती मागावी लागते. पालम तालुक्यातील एखाद्या एकशिक्षकी शाळेने ती मागावी अशी अपेक्षा करणे हा विनोद होय. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने सर्व शाळांची यादी करून एकत्र मागणी केली तर ते एका दुपारचे काम आहे. अडचण एवढीच की ती यादी आधी हवी.

सुरक्षेचा प्रश्न पैशांनी काही काळ तरी सुटेल. त्याहून कठीण प्रश्न नोंदींचा आहे, आणि तो मराठी माणसाचा खास आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा मिळाली असली तरी आपली कार्यालये आणि छापखाने पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकची आयएसएम अशा निरनिराळ्या फॉण्टांवर चालले. या पद्धतींत पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणक आत इंग्रजीचे एखादे चिन्ह साठवीत असे, आणि कोणत्या अक्षरासाठी कोणते चिन्ह हे प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठरविलेले. मूळ फॉण्ट नसेल तर मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. यांपैकी काही सॉफ्टवेअरांना संगणकाच्या पाठीमागे, छपाईयंत्राच्या जोडणीत, एक छोटी किल्ली लावावी लागे. त्या आकाराचे भोकच आजच्या संगणकाला नसते. पुस्तके आणि नियतकालिके ज्या पेजमेकरवर जुळविली जात, त्याची अखेरची आवृत्ती ७.० ही २००१ ची. अ‍ॅडोबी कंपनीने तो विषय केव्हाच संपविला. तरी गावोगावच्या छापखान्यांत जुने एक्सपीचे यंत्र केवळ पेजमेकरसाठी जपून ठेवलेले दिसे. ती चैन नव्हती. त्या यंत्रात त्या छापखान्याची सगळी जुनी कामे होती.

हा मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने आहेत. पण ती यंत्रवत चालवून भागत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. परिवर्तनात ती शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. रफार भलत्याच अक्षरावर चढतो, जोडाक्षरे तुटतात. कवितेत ही चूक वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. नावांच्या यादीत, सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या नावात ती येत नाही, आणि पुढे तेच नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून माणूस हेलपाटे घालतो. तेव्हा या कामाला मराठी जाणणारा, डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस हवा. जुनी किल्ली आणि जुने यंत्र चालू आहे तोवरच ते काम होण्यासारखे आहे.

नोंद वाचणारा नाहीसा झाला म्हणजे काय होते हे परभणीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महसुलाचे जुने कागद उर्दूत आणि मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, कार्यालयांतूनही गेली. तिच्या जाण्याची तारीख कोणी ठरविली असेल-नसेल, पण मागे राहिलेले कागद पुढे कोण वाचणार याचा विचार कोणी केला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा एकाएकी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. त्या वादाच्या गुणदोषांशी येथे कर्तव्य नाही. नोंदीचे मोल तिच्या जन्माच्या वेळी कळत नाही, पाऊणशे वर्षांनी कळते, एवढेच यातून घ्यावयाचे. आणि कागदाने निदान वाट पाहिली. लिपी विसरली गेली तरी शाई डोळ्यांना दिसत होती, कोणी तरी शिकून ती वाचू शकला. २००३ मध्ये एखाद्या कार्यालयाने सीडीवर जपून ठेवलेली यादी इतकी वाट पाहणार नाही. सीडी खराब होते, ती वाचणारे यंत्र मिळत नाही, फॉण्ट नाहीसा होतो आणि किल्ली हरवलेली असते.

मग यातून सुटण्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. केरळने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून सरकारी आणि अनुदानित शाळा लिनक्सवर नेल्या. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि शाळांसाठी कार्यप्रणालीची स्वतंत्र आवृत्ती ती सिद्ध करते. जुन्या संगणकांवरही लिनक्स बरे चालते. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची कार्यप्रणाली बनविली आहे. परंतु मुक्त म्हणजे अमर नव्हे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचेही प्रमाणित पाठबळ पाच वर्षांचेच असते. केरळात हे जमले त्याचे कारण सॉफ्टवेअर फुकट होते हे नसून, शिक्षकांना शिकविणारी आणि वर्षानुवर्षे पाठीशी उभी राहणारी एक यंत्रणा तेथे होती, हे आहे. नुसती सीडी वाटून महाराष्ट्रात केरळ होणार नाही. शिवाय आपल्याकडील काही सरकारी संकेतस्थळे बराच काळ इंटरनेट एक्स्प्लोररखेरीज उघडत नसत. तो एक्स्प्लोररच १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. संकेतस्थळ जुने म्हणून कार्यप्रणाली जुनी, कार्यप्रणाली जुनी म्हणून यंत्र जुने, अशी ही साखळी लिपिकाच्या गळ्यात पडते आणि दोष मात्र ‘कर्मचाऱ्यांच्या उदासीनते’ला दिला जातो.

सर्व जुने संगणक उद्याच निर्लेखित करावेत असा याचा अर्थ नाही. जो संगणक जाळ्याला जोडलेलाच नाही आणि ज्यावर केवळ पत्रे टंकित होतात, तो आणखी काही वर्षे चालला तर आकाश कोसळणार नाही. जो जाळ्याला जोडलेला आहे आणि ज्यात दुसऱ्यांची माहिती आहे, त्याचा विचार आधी झाला पाहिजे. हा भेद करण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, नोंदवही लागते. जडसंग्रह नोंदवहीत यंत्राच्या नावापुढे चार रकाने वाढवावेत: आत कार्यप्रणाली कोणती, तिची मुदत केव्हा संपते, त्यात कोणाची माहिती आहे, आणि ती माहिती अन्यत्र कोठे व कोणत्या स्वरूपात ठेवली आहे. दर एप्रिलमध्ये गट साधन केंद्राने तालुक्याची यादी करावी आणि पुढील दोन वर्षांत ज्यांची मुदत संपते त्यांच्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे रक्कम मागावी. निवृत्तिवेतनाच्या कागदांना दोन वर्षे लागतात, तर येथे दोन महिने कसे पुरतील? मार्चअखेरीस उरलेल्या निधीतून जे संगणक येतात त्यांच्याबरोबर मुदतीचा विचार येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ही तजवीज आजच करण्याचे आणखी एक कारण आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गटसचिवाच्या खतावण्या नाबार्डशी जोडलेल्या एका राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर नेण्याचे हे काम आहे आणि ते इष्टच आहे. पण योजना पाच वर्षांची, आणि गावातल्या सोसायटीचे कर्जखाते पिढ्यानपिढ्यांचे. पाच वर्षांनंतर त्या यंत्राची दुरुस्ती, बदल आणि जुन्या नोंदींचे जतन सोसायटीने कोणत्या उत्पन्नातून करावयाचे, हे आताच विचारले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षकांच्या वेतनाची शालार्थ प्रणाली बंद पडली. त्याचे कारण मुदत संपणे हे नव्हते. परंतु प्रणाली एकच असली आणि पर्याय तयार नसला म्हणजे काय होते ते राज्यभरच्या शिक्षकांनी कित्येक महिने कागदावरच्या देयकांच्या रांगेत उभे राहून पाहिले. शिक्षकाला निदान उशिराने वेतन मिळते. पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे खाते उघडले नाही तर शेतकऱ्याचा हंगाम थांबत नाही.

पुढल्या तारखाही जाहीर आहेत. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी जादा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या आहेत. त्याच दिवशी ऑफिस २०२१ चे पाठबळ संपावयाचे आहे. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ आहे. आणि विंडोज ११ च्या सामान्य आवृत्त्यांना दहा वर्षांचे आयुष्य राहिलेले नाही. तेथे प्रत्येक आवृत्ती चोवीस महिन्यांची आहे.